डार्क चॉकलेटच्या दोन वड्या: दुधाच्या अ‍ॅलर्जीचे एक प्रकरण

हे प्रकरण कोणा एका मुलीचे नाही. अशा प्रसंगांत जे पुन्हा पुन्हा घडते ते जुळवून ते रचले आहे. त्यातली वैद्यकीय माहिती आणि अभ्यासांतले आकडे मात्र खरे आहेत.

पार्श्वभूमी

मुलगी नऊ वर्षांची, वजन २८ किलो. गायीच्या दुधाची अ‍ॅलर्जी तान्हेपणापासून, दमा पाचव्या वर्षापासून. पहिल्यांदा वरचे दूध पाजले तेव्हा ओठ सुजले, अंगभर पित्त उठले आणि पुढे तपासणीत निदान पक्के झाले. त्यानंतरच्या वर्षांत चुकून दूध पोटात जाण्याचे प्रसंग आले, पण दर वेळी गांध्या, फार तर एखादी उलटी आणि चमचाभर अँटिहिस्टामिन, म्हणजे खाज-गांध्यांवरचे औषध, एवढ्यावर निभावले. अ‍ॅड्रेनॅलिनची दोन पेन घरात होती. मांडीत टोचायची ही इंजेक्शने आई दर वर्षी मुदत संपली की बदलत असे. वापरण्याची वेळ कधी आली नव्हती.

दुधाच्या अ‍ॅलर्जीची पहिली अडचण अशी, की तिला कोणी घाबरत नाही. शेंगदाण्याचे नाव काढले की लोक सावध होतात. दूध म्हटले की "हां, पचत नसेल तिला," असे म्हणून विषय संपवतात. पचत नाही ते लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. ती न पचल्याने पोट फुगते, जुलाब होतात, त्रास होतो, पण त्याने जीव जात नाही. अ‍ॅलर्जी असते दुधातल्या प्रथिनांची, आणि तिचा पचनशक्तीशी संबंध नसतो. शरीराने त्या प्रथिनाला शत्रू ठरवून त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार ठेवलेली असतात. ही प्रतिपिंडे त्वचेत, श्वासमार्गात, आतड्यात आणि रक्तवाहिन्यांभोवती असलेल्या मास्ट पेशींवर चिकटून बसतात. प्रथिन पुन्हा आत आले की त्या पेशी एका झटक्यात हिस्टामिन आणि इतर रसायने बाहेर टाकतात. त्वचेत टाकली की पित्त उठते, श्वासनलिकेत टाकली की धाप लागते. सगळीकडे एकदम टाकली की त्याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात.

बहुतेक मुलांची दुधाची अ‍ॅलर्जी मोठे होता होता जाते. जवळपास तीन चतुर्थांश मुलांना तर केक-बिस्किटात चांगले भाजले गेलेले दूध आधीपासूनच चालते. या मुलीला तेही चालत नव्हते, आणि नवव्या वर्षीही अ‍ॅलर्जी हटली नव्हती. शाळकरी वयापर्यंत जी अ‍ॅलर्जी टिकते ती सहसा चिवट आणि तीव्र असते. ब्रिटनमध्ये १९९८ ते २०१८ या काळातल्या अ‍ॅनाफिलॅक्सिसच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यांत शाळकरी मुलांच्या मृत्यूंना कारण ठरलेला एकटा सर्वांत मोठा पदार्थ शेंगदाणा नव्हता, गायीचे दूध होते. सुमारे २६ टक्के मृत्यू त्यामुळे झाले होते. हा आकडा शाळेतल्या किती जणांना माहीत असेल, शंका आहे.

शिबिरातला तो दिवस

मुलांचे दिवसभराचे शिबिर. प्रवेश-अर्जात आईने "दुधाची तीव्र अ‍ॅलर्जी, पेन सोबत आहे" असे लिहिले होते आणि पेनांची पिशवी सकाळी कार्यालयात दिली होती. कार्यालयाने ती जपून, कुलपाच्या कपाटात ठेवली.

मुलीला दोन दिवसांपासून सर्दी होती. दुपारी पळापळीचे खेळ झाले. ४ वाजून ४० मिनिटांनी सगळ्यांना चॉकलेट वाटले. गटाच्या ताईने आठवणीने वेष्टन वाचले. डार्क चॉकलेट होते, घटकांत दूध नव्हते. खाली बारीक अक्षरांत "दुधाचा अंश असू शकतो" अशी ओळ होती, पण तशी ओळ आजकाल सगळ्यावरच असते, असे तिला वाटले. मुलीने दोन वड्या खाल्ल्या.

४:४५. "ताई, तोंडात खाजतंय. यात दूध होतं का?"

"नाही गं, मी वाचलंय."

तरीही ताईने मुलीच्या पाठीवरच्या पिशवीतले अँटिहिस्टामिन पाजले. तोवर मानेवर गांध्या दिसू लागल्या होत्या. ४:५५ ला उलटी झाली. उलटीनंतर मुलीला जरा बरे वाटले, आणि ताईलाही वाटले की आता बाहेर पडले, सुटलो. पाच वाजता खोकला सुरू झाला. मुलीला दमा आहे हे सर्वांना ठाऊक होते, म्हणून पंप दिला. खोकला किंचित कमी झाला, पण आवाज घोगरा झाला. मुलगी गप्प बसून राहिली. "मला कसंतरी होतंय," एवढेच म्हणाली.

५:०६ ला आईला फोन लागला. आईने दोन वाक्ये ऐकली आणि म्हणाली, "आधी पेन द्या. बाकी नंतर बोलू." किल्ली कोणाकडे आहे ते शोधण्यात तीन-चार मिनिटे गेली. तेवढ्यात एका मैत्रिणीने आणि ताईने मिळून मुलीला तोंड धुवायला उठवले. चार पावले चालल्यावर ती पांढरी पडली आणि कोसळली.

५:१२ ला शिबिराच्या सरांनी पेन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनच टोचले. फोनवर रुग्णवाहिकेची बाई सांगत होती त्याप्रमाणे तिला आडवे झोपवून पाय उंच केले. पाच मिनिटांत फरक दिसेना, म्हणून दुसरे पेन दिले. रुग्णवाहिका पोचली तेव्हा ती डोळे उघडून उत्तरे देत होती, पण नाडी क्षीण होती. रुग्णालयात ऑक्सिजन आणि शिरेतून सलाइन दिले, रात्रभर ठेवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी सोडले.

त्या बत्तीस मिनिटांत काय झाले

इथे दोषी शोधायची घाई होते आणि बोट आपोआप ताईकडे जाते. मला ते पटत नाही. तिने वेष्टन वाचले, औषध दिले, पंप दिला, मुलीजवळ बसून राहिली. प्रत्येक लक्षणावर तिने काही ना काही उपाय केला, आणि चूक नेमकी तिथेच झाली. खाजेला खाजेचे औषध, खोकल्याला खोकल्याचे, असे एकेक लक्षण सुटे पाहिले गेले. ४:५५ ला चित्र पुरेसे स्पष्ट होते: अ‍ॅलर्जी असलेले मूल, काही खाल्ल्यानंतर पंधरा मिनिटे, त्वचेवर गांध्या आणि सोबत उलटी. शरीराच्या दोन वेगळ्या भागांत एकाच वेळी लक्षणे आली की तो अ‍ॅनाफिलॅक्सिस धरायचा आणि अ‍ॅड्रेनॅलिन द्यायचे. पुढे काय होते ते बघत बसायचे नाही. उलट बाजूने, त्वचेवर काही दिसले नाही म्हणून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही. दहा-वीस टक्के प्रसंगांत अंगावर काहीच उठत नाही. ओळखीच्या अ‍ॅलर्जीचा पदार्थ खाऊन नुसता श्वास अडला किंवा आवाज बसला, तरी पुरे आहे.

अँटिहिस्टामिन अ‍ॅनाफिलॅक्सिस थांबवत नाही. ते फक्त हिस्टामिनचा मार्ग अडवते, तोही अर्ध्या-एक तासाने, आणि मास्ट पेशींतून बाहेर पडणारे हिस्टामिन हे अनेक रसायनांपैकी एक असते. खाज कमी झाल्याने सगळे आटोक्यात आल्यासारखे दिसते, आणि आत रक्तदाब घसरत राहतो. अ‍ॅड्रेनॅलिन मात्र एका वेळी सगळी कामे करते: पसरलेल्या रक्तवाहिन्या आवळते, हृदयाचा ठोका जोरकस करते, श्वासनलिका उघडते आणि मास्ट पेशींचा पुढचा स्राव रोखते. मुलांसाठी मात्रा दर किलो वजनाला ०.०१ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ०.३ मिलिग्रॅम. पेन प्रामुख्याने ०.१५ आणि ०.३ अशा दोन मापांत मिळतात. गरज नसताना दिले गेले तर छातीत धडधड होते, हात थरथरतात, थोड्या वेळाने ओसरते. निरोगी मुलाला त्यापलीकडे सहसा काही होत नाही. म्हणून शंका असेल तर द्यावे, हा सल्ला बेफिकिरीचा नाही, हिशोबाचा आहे.

आता ती चार पावले. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये रक्तवाहिन्या गळू लागतात. दहा मिनिटांत रक्तातला एक तृतीयांश द्रव आजूबाजूच्या ऊतींत निघून जाऊ शकतो. मूल आडवे असते तोवर उरलेले रक्त हृदयाकडे कसेबसे परतते. उभे केले की ते पायांत साठते आणि हृदय रिकामे धडधडत राहते. ब्रिटनमधल्या अ‍ॅनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंचा मागोवा घेणाऱ्या रिचर्ड पम्फ्री यांनी २००३ मध्ये हे दाखवून दिले: रुग्णालयाबाहेर झालेल्या काही मृत्यूंत माणूस उठून बसला किंवा उभा राहिला आणि काही क्षणांतच गेला. म्हणून आडवे ठेवायचे. धाप फार असेल तर पाय लांब करून बसवायचे, उलटी होत असेल तर कुशीवर वळवायचे, पण बाथरूमपर्यंतही चालवायचे नाही. शाळांत पेन कसे टोचायचे ते शिकवतात, हे मात्र सांगायचे राहून जाते. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत धोक्याचा क्षण कुलपाचा नव्हता, तोंड धुवायला उठवण्याचा होता.

पम्फ्री यांच्याच आधीच्या अभ्यासात अन्नामुळे झालेल्या मृत्यूंत श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यक वेळ ३० मिनिटे होता, म्हणजे निम्म्यांना याहून कमी वेळ मिळाला, निम्म्यांना जास्त. या मुलीला पहिले अ‍ॅड्रेनॅलिन बत्तिसाव्या मिनिटाला मिळाले. १९९२ मध्ये अ‍ॅलर्जीतज्ज्ञ ह्यू सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १३ मुलांची प्रकरणे छापली होती. सहा दगावली, सात मरणाच्या दारातून परतली. तेरापैकी बारा जणांना दमा होता, तोही आटोक्यात असलेला. वाचलेल्यांपैकी एक सोडून सर्वांना अर्ध्या तासाच्या आत अ‍ॅड्रेनॅलिन मिळाले होते. दगावलेल्यांपैकी फक्त दोघांना ते पहिल्या तासात मिळाले. नमुना लहान आहे, पण नंतरच्या तीन दशकांत त्याच्या उलट काही समोर आलेले नाही.

आणखी एक प्रश्न आईने रुग्णालयात विचारला: आधी कधी एवढे झाले नव्हते, मग आत्ताच का? सर्दी, धावपळ, दम्याने आधीच हळव्या झालेल्या श्वासनलिका या सगळ्यांनी प्रतिक्रियेचा जोर वाढू शकतो. खाल्लेली मात्राही दर वेळी वेगळी असते. मागच्या खेपेला नुसत्या गांध्यांवर भागले, म्हणून पुढच्या खेपेलाही भागेल असे गृहीत धरता येत नाही. मृत्यूच्या कितीतरी प्रकरणांत आधीच्या सगळ्या प्रतिक्रिया सौम्यच होत्या.

चॉकलेटबद्दल थोडे. डार्क चॉकलेट आणि दुधाचे चॉकलेट पुष्कळदा एकाच यंत्रावर बनते, आणि ती यंत्रे पाण्याने धुता येत नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १०० डार्क चॉकलेटे तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. घटकांत दूध न लिहिलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक चॉकलेटांत दूध निघाले. त्यामुळे ती बारीक अक्षरांतली ओळ बिस्किटावर कदाचित केवळ कायदेशीर बचाव असेल, डार्क चॉकलेटवर मात्र तिला शब्दशः घ्यावे.

नंतरचे चार महिने

इथपर्यंतची गोष्ट धोका कमी लेखण्याची आहे. पुढची उलट्या दिशेची आहे, आणि तिच्याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही.

घरी आल्यावर आईची झोप उडाली. तिने एका प्रयोगशाळेत मुलीच्या रक्ताची भलीमोठी तपासणी करून घेतली. अंडे, गहू, सोयाबीन आणि शेंगदाणा यांची आयजीई थोडी वाढलेली आली. त्याच संध्याकाळी चारही पदार्थ घरातून हद्दपार झाले. मुलीची शिबिरे बंद, मैत्रिणींकडे जाणे बंद, शाळेत डबा खाताना वेगळे बाक. कोणाच्या पेल्यात दूध दिसले तरी आई तिला दुसऱ्या खोलीत नेई. चार महिन्यांत मुलीचे वजन दोन किलोने घटले. रात्री घसा आवळल्यासारखा वाटतो म्हणून ती उठून बसू लागली. तपासले तर घसा स्वच्छ.

अ‍ॅलर्जीतज्ज्ञांनी अहवाल बाजूला ठेवून पहिला प्रश्न विचारला, "आई, शिबिराच्या आधी ती अंडं, पोळी, शेंगदाणे खात होती का?"

"रोज."

"आणि काही होत होतं?"

"नाही."

मग ती अ‍ॅलर्जी नव्हे. रक्तातली आयजीई शरीराने पदार्थाची नोंद घेतल्याचे सांगते, त्रास होईलच असे सांगत नाही. अशी नोंद कितीतरी मुलांत असते आणि ती मुले तो पदार्थ आनंदाने खातात. लक्षणांचा इतिहास नसताना शंभर पदार्थांची तपासणी करणे म्हणजे खोटी उत्तरे विकत घेणे होय. शिवाय जो पदार्थ सहन होत होता तो बराच काळ बंद ठेवल्यावर त्याचीच खरी अ‍ॅलर्जी उद्भवल्याची उदाहरणे आहेत, विशेषतः इसब असलेल्या मुलांत. म्हणून चार महिन्यांच्या खंडानंतर हे पदार्थ घरी न देता रुग्णालयात, देखरेखीखाली, वाढत्या मात्रेने खाऊ घालून पाहिले गेले. चारही निर्धोक निघाले. आई म्हणते, तो दिवस तिला शिबिराच्या दिवसाइतकाच जड गेला.

मग धोका खरोखर किती? अनेक अभ्यासांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार अन्न-अ‍ॅलर्जी असलेल्या दहा लाख लोकांमागे वर्षाला सुमारे दोन मृत्यू होतात, वीस वर्षांखालच्यांत तीनाहून थोडे अधिक. सर्वसाधारण लोकांत अपघाताने मरण्याची शक्यता याहून जास्त आहे. ब्रिटनमध्ये १९९८ ते २०१८ या वीस वर्षांत अन्नामुळे अ‍ॅनाफिलॅक्सिस होऊन दाखल होणाऱ्यांचे प्रमाण तिपटीने वाढले, पण दाखल झालेल्यांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण ०.७ टक्क्यांवरून ०.१९ टक्क्यांवर आले. म्हणजे प्रतिक्रिया वारंवार होतात, मृत्यू फार क्वचित होतात, आणि मृत्यू नेमका कोणाचा हे आधी सांगता येत नाही. या तीन गोष्टी एकत्र ध्यानात धरणे कठीण असते. आईने शिबिराआधी फक्त दुसरी धरली होती, शिबिरानंतर फक्त तिसरी.

वासाचे भय बहुतांशी निराधार आहे. शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या ३० मुलांना पीनट बटरचा वास दिला आणि ते त्यांच्या त्वचेलाही लावले, असा एक अभ्यास २००३ मध्ये झाला. काहींना लावलेल्या जागी लाली किंवा खाज आली, अंगभर प्रतिक्रिया एकालाही आली नाही. उकळत्या दुधाच्या वाफेची गोष्ट वेगळी. वाफेबरोबर प्रथिने उडतात आणि दमा असलेल्या मुलाला धाप लागू शकते. म्हणून दूध उकळत असताना तिने तिथे थांबू नये, एवढे पाळायचे. शेजारच्या बाकावरच्या पेल्यातल्या थंड दुधाने काही होत नाही. ते हाताला लागून तोंडात जाऊ नये, म्हणून साबणाने हात धुवायचे. सॅनिटायझर जंतू मारतो, प्रथिने पुसून काढत नाही.

याला एक अपवाद नोंदवायलाच हवा. २०१७ मध्ये लंडनमधल्या एका शाळेत दुधाची तीव्र अ‍ॅलर्जी आणि दमा असलेल्या १३ वर्षांच्या मुलाच्या मानेवर वर्गमित्राने चीजचा तुकडा टाकला, आणि त्यानंतर तो मुलगा दगावला. त्वचेला स्पर्श होऊन मृत्यू, हे तज्ज्ञांनाही अभूतपूर्व वाटले. शाळेतल्या पेनची मुदत संपून गेली होती, हे चौकशीत पुढे आले. मला त्यातले दुसरे एक अंग अधिक बोचते. अन्न-अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांची पाहणी केली तेव्हा सुमारे एक तृतीयांश मुलांनी अ‍ॅलर्जीवरून छळ झाल्याचे सांगितले. वेगळ्या बाकावर बसवलेले मूल चिडवायला सोपे असते. या मुलीलाही "दूध शिंपडू का?" असे विचारून झाले होते. हे तिने आईला सांगितले नव्हते, तज्ज्ञांना सांगितले.

आता काय ठरले आहे

वेगळे बाक गेले. अंडी, पोळी, शेंगदाणे परत आले आणि वजन भरून निघाले. दम्याचे रोजचे औषध आई मध्येच बंद करत असे, ते आता नेमाने चालू आहे. दम्यावरचा ताबा ढिला पडला की अ‍ॅनाफिलॅक्सिस झेपत नाही, हे तिला पटले आहे. दोन्ही पेन मुलीच्या पाठीवरच्या पिशवीत असतात, ती पिशवी कोणीही कुलपात ठेवत नाही. सुई नसलेल्या सरावाच्या पेनने मुलीने स्वतः, तिच्या दोन मैत्रिणींनी आणि वर्गशिक्षिकेने हात बसवून घेतला. एका पानाची योजना वर्गात लावली आहे: कोणती लक्षणे दिसली की पेन, मग आडवे झोपवणे, मग रुग्णवाहिका, मग आईला फोन. क्रम हाच. आईने फोन शेवटी ठेवायला सांगितले, कारण त्या दिवशी तिला फोन लागेपर्यंत सगळे थांबून राहिले होते. बरे वाटले तरी रुग्णालयात काही तास थांबायचे, हेही त्यात लिहिले आहे, कारण सुमारे वीसपैकी एकाला काही तासांनी पुन्हा तीच प्रतिक्रिया येते.

उपचारांची चर्चा अर्धवट राहिली आहे. दुधाचे थेंब थेंब वाढवत शरीराला सवय लावण्याची पद्धत काही केंद्रांत वापरतात. अपघाताने थोडे दूध पोटात गेले तर निभावून जावे, एवढाच तिचा बहुतेकांना मिळणारा लाभ. पण शेंगदाण्यावरच्या अशा उपचारांचे एकत्रित विश्लेषण २०१९ मध्ये झाले तेव्हा नुसते पथ्य पाळणाऱ्यांपेक्षा उपचार घेणाऱ्या मुलांत अ‍ॅनाफिलॅक्सिस जास्त वेळा झाल्याचे दिसले. दुसरा पर्याय ओमालिझुमॅब या इंजेक्शनचा. ते आयजीईलाच बांधून ठेवते, आणि अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये एक वर्षावरच्या मुलांच्या अन्न-अ‍ॅलर्जीसाठी त्याला मान्यता मिळाली. ते दोन किंवा चार आठवड्यांनी, चालू ठेवावे तोवर घ्यावे लागते, आणि पथ्य सुटत नाही.

आईला काहीतरी सुरू करायची घाई आहे. मुलीने तज्ज्ञांना विचारले, "पहिल्या उपचारात मला रोज दूध प्यावं लागेल?" हो म्हटल्यावर तिने मान हलवून नकार दिला. मग तिने पुढच्या सुट्टीतल्या शिबिराचा अर्ज दप्तरातून काढला आणि अ‍ॅलर्जीचा रकाना भरायला त्यांच्याकडे पेन मागितले, लिहायचे.